नकाराची दोन रूपे : ‘आर. यू. आर.’, ‘मुक्तधारा’ आणि ‘रक्तकरबी’

यंत्र आणि माणूस यांच्यातील संघर्षाचा विषय निघाला की मराठी समीक्षेचे लक्ष सामान्यतः दोन ठिकाणी स्थिरावते. एक ठिकाण मर्ढेकरांच्या कवितेचे. ‘काही कविता’ हा संग्रह 1947 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘यंत्रयुग’ हा शब्द आपल्या समीक्षेत रूढ झाला. मात्र त्याचा आशय प्रामुख्याने एकट्या माणसाच्या चिरडले जाण्याशी निगडित राहिला. दुसरे ठिकाण नारायण सुर्वे यांच्या कवितेचे. तेथे यंत्र हे कामगाराच्या परिसराचाच एक भाग असते. त्याचे वैर असते ते यंत्राच्या मालकीशी. एकीकडे एकाकी व्यक्ती, दुसरीकडे संघटित वर्ग. या दोन टोकांमध्ये एक प्रश्न मात्र अलक्षित राहून गेला : यंत्रासारख्या, दयामाया न जाणणाऱ्या शत्रूपुढे जेव्हा काही माणसे एकत्र उभी राहतात, तेव्हा त्यांच्या आपापसांत काय घडते? ती एकजीव होतात की फुटतात? आणि फुटली, तर ते फुटणे केवळ दुबळेपणाचे लक्षण मानायचे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी तीन नाटके येथे निवडली आहेत. कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे चेक नाटक आणि रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘मुक्तधारा’ व ‘रक्तकरबी’ ही दोन बंगाली नाटके. तिन्ही नाटके पहिल्या महायुद्धानंतरच्या सहा-सात वर्षांतली आहेत. लाखो माणसे यंत्राच्या शिस्तीने मारली गेलेली पाहिलेला तो काळ होता, आणि ही साधी गोष्ट या नाटकांकडे पाहताना विसरून चालणार नाही.

‘आर. यू. आर.’ 1920 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले व 25 जानेवारी 1921 रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो या नाटकातून. तो सुचवला चापेक यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. ‘रोबोटा’ या शब्दाचा मूळ अर्थ वेठ, सक्तीची मजुरी. आज आपण ‘यंत्रमानव’ म्हणताना डोळ्यांपुढे धातूचा सांगाडा आणतो, त्यामुळे मूळ नाटकातील एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. चापेक यांचे रोबोट लोखंडाचे नाहीत. कृत्रिम सजीव द्रव्यापासून घडवलेली, दिसायला माणसासारखीच असलेली, पण काम करण्यापलीकडे काहीही न मागणारी ती वेठबिगारांची जात आहे. म्हणजे ज्या शत्रूशी माणसे झुंजतात तो शत्रू त्यांनीच नेमलेला वेठबिगार आहे. नाटकातील वैर या नात्यातून जन्मते.

प्रस्तुत लेखकाने हे नाटक अनेक वर्षे वर्गात शिकवले. विज्ञानाच्या अहंकाराला दिलेला इशारा, अशी त्याची मांडणी त्या काळी ठरलेली होती. बंडखोर रोबोटांनी वेढलेल्या घरात अडकलेली माणसे शेवटच्या घटकांत एकमेकांचे हिशेब काढत बसतात, तो भाग लांबलेला आणि नाट्यदृष्ट्या सैल वाटत असे. शत्रू दाराशी असताना हा वादविवाद कशासाठी, असा विद्यार्थ्यांचा प्रश्न असे, आणि त्याला समाधानकारक उत्तर देता येत नसे. पुनर्वाचनात हे मत बदलावे लागले. त्या वादविवादातच नाटकाचे मर्म आहे, असे आता वाटते.

वेढ्यातील माणसांची ओळख येथे करून देणे आवश्यक आहे. कारखान्याचा प्रमुख डोमीन, शास्त्रज्ञ डॉ. गाल, अभियंता फाब्री, रोबोटांच्या शिक्षणाचा प्रमुख हालेमायर, हिशेब सांभाळणारा बुसमन, बांधकामप्रमुख आल्क्विस्ट आणि डोमीनची पत्नी हेलेना. रोबोटांना माणुसकीने वागवावे, या हेतूने दहा वर्षांपूर्वी हेलेना या बेटावर आली होती. आता मृत्यू समोर दिसू लागताच एकेक कबुलीजबाब बाहेर पडतो. डॉ. गालने रोबोटांच्या घडणीत गुपचूप बदल केला होता. त्यातून त्यांच्यात चीड आणि द्वेष उपजला. हा बदल त्याने केला तो हेलेनाच्या आग्रहावरून. इतक्या प्रचंड संख्येने रोबोट का घडवले, याचे उत्तर बुसमन देतो : जगाची मागणी होती. डोमीन आपले स्वप्न मांडतो. माणसाला कष्टांतून मुक्त करावयाचे होते. आल्क्विस्ट सर्वांना, स्वतःलाही, दोषी ठरवतो.

प्रत्येकाची कबुली वेगळी आहे, आणि त्यांतील कोणतीही पूर्णपणे खोटी नाही, येथे चापेक यांचे सामर्थ्य दिसते. हेतू चांगले होते, मागणी खरी होती, संशोधन प्रामाणिक होते. तरीही सर्व मिळून विनाश सिद्ध झाला. मग एक शेवटचा उपाय उरतो. रोबोटांना पुनरुत्पादन करता येत नाही. त्यांच्या निर्मितीचे रहस्य असलेले जुने हस्तलिखित त्यांना देऊन प्राण विकत घ्यावेत, असा प्रस्ताव पुढे येतो. एकेकाचे मत घेतले जाते आणि मग कळते की ते हस्तलिखित हेलेनाने त्याच दिवशी जाळून टाकले आहे. माणसांना मुले होईनाशी झाली होती, म्हणून तिने ते जाळले. शत्रूला शरण जाण्याचा मार्ग अशा रीतीने आपल्यातल्याच एका माणसाने, शत्रू दाराशी येण्यापूर्वीच, नकळत बंद केलेला असतो. तिकडे बुसमन सर्वांची विनवणी झुगारून पैशाची लालूच दाखवायला बाहेर जातो आणि कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने मरतो. हा विद्युतप्रवाह शत्रूचा नव्हे. घराच्या रक्षणासाठी फाब्रीनेच तो जोडलेला आहे. आपल्याच बचावाच्या तारेला चिकटून मरणारा हिशेबनीस ही या नाटकातील सर्वांत बोलकी प्रतिमा म्हणावी लागेल.

याच वेढ्यात डोमीन एक योजना बोलून दाखवतो. तिच्याकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. पुढच्या काळात प्रत्येक देशात स्वतंत्र कारखाना काढायचा, प्रत्येक देशाचे रोबोट वेगळ्या वर्णाचे व वेगळ्या भाषेचे बनवायचे, म्हणजे ते एकमेकांना कधीच समजून घेणार नाहीत आणि एकमेकांचा द्वेष करत राहतील. यंत्राला पराभूत करण्यासाठी माणसाला सुचलेली युक्ती कोणती, तर स्वतःचा सर्वांत जुना रोग यंत्राला जडवण्याची. महायुद्धाच्या राखेतून नुकत्याच उठलेल्या, अनेक भाषा व वंश नांदत असलेल्या मध्य युरोपातील प्रेक्षकाला हा उपरोध समजावून सांगण्याची गरज पडली नसावी. भाषावार वैरांचा अनुभव असलेल्या भारतीय वाचकालाही ती पडू नये.

रोबोटांच्या बाजूला काय आहे? तेथे पूर्ण एकमत आहे. त्यांचे पत्रक एक, त्यांची आज्ञा एक. विजयानंतर ते केवळ आल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो. मात्र या एकमताच्या आधी एक नकार आणि नंतर एक नकार, असे दोन नकार नाटककाराने योजले आहेत, आणि त्यांच्यातील भेद हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

पहिला नकार रादियुस या रोबोटाचा. तो काम करण्याचे नाकारतो. त्याला मालक नको आहे. पण त्याला स्वतः इतरांचा मालक व्हायचे आहे. हा नकार शत्रूच्या जागी स्वतःला बसवू पाहणारा आहे. दुसरा नकार नाटकाच्या अखेरीस येतो. हरवलेले रहस्य शोधण्यासाठी जिवंत रोबोटाची चिरफाड करावी लागणार, असे म्हणून आल्क्विस्ट हेलेनाच्या नावाच्या तरुण रोबोट स्त्रीकडे बोट दाखवतो, तेव्हा प्रिमुस आडवा येतो. तिच्याऐवजी मला न्या, असे तो म्हणतो. आणि त्याच्याऐवजी मला न्या, असे ती म्हणते. रादियुसचा नकार स्वतःसाठी होता, प्रिमुसचा नकार दुसऱ्यासाठी आहे. आल्क्विस्टला या दोघांत माणूस दिसतो तो या क्षणी. रोबोटाला माणूसपण आले ते बुद्धीने किंवा बंडाने आलेले नाही, दुसऱ्यासाठी दिलेल्या नकाराने आलेले आहे. याच कसोटीवर वेढ्यातील माणसांना पाहिले, तर त्यांतील किती जण उतरतील, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात राहतो. चापेक त्याचे उत्तर देत नाहीत.

ही कसोटी घेऊन रवींद्रनाथांकडे वळता येते. ‘आर. यू. आर.’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, 1921 मध्ये, रवींद्रनाथ प्रागला गेले होते. मात्र या योगायोगावरून प्रभावाचा सिद्धांत उभारण्याचे कारण नाही. ‘मुक्तधारा’ 1922 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची मुळे रवींद्रनाथांच्याच आधीच्या लेखनात आहेत. त्यातील धनंजय बैरागी हा 1909 च्या ‘प्रायश्चित्त’ नाटकातून आलेला आहे. गांधीजी भारतात परतण्यापूर्वीच करबंदीचा आणि निर्भय अहिंसेचा हा उपदेशक बंगाली रंगभूमीसाठी लिहिला गेला होता, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

‘मुक्तधारा’तील शत्रू म्हणजे एक धरण. उत्तरकूटचा यंत्रराज बिभूती मुक्तधारा या झऱ्यावर लोखंडी बांध घालतो, तो खालच्या शिवतराईच्या प्रजेचे पाणी तोडून तिला मुठीत ठेवण्यासाठी. यंत्राचा माथा भैरवाच्या देवळाच्या त्रिशूळापेक्षा उंच गेला आहे. तो बांध बांधताना घराघरांतून धरून नेलेली मुले मेली आहेत. त्यांच्यातल्याच एकाची आई अंबा ‘सुमन’ अशी हाक मारत रस्त्याने फिरते. ही आई उत्तरकूटच्याच बाजूची आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. यंत्राने शत्रूचे पाणी तोडण्याआधी आपल्यांची मुले खाल्ली. तरीही उत्तरकूटचे नागरिक उत्सव करत आहेत आणि शाळेचा गुरुजी मुलांकडून जयजयकार घोकून घेतो आहे. मुलांना शिवतराईच्या लोकांचा तिरस्कार करायला शिकवणारा तो छोटासा प्रवेश वाचताना डोमीनची योजना आठवते. भेद एवढाच की येथे कारखान्याची गरज नाही. शाळा पुरेशी आहे.

आता शिवतराईच्या जमावाकडे पाहू. ते प्रतिकार करत आहेत, पण त्यांच्यातही फूट आहे. गणेशसारख्यांना मारामारी हवी आहे. धनंजय त्यांना मार सोसून मार जिंकायला सांगतो. या फुटीपेक्षाही खोल असलेली एक गोष्ट स्वतः धनंजयच्या ध्यानात येते : ही माणसे आपल्याला धरून राहिली आहेत, आपल्याशिवाय ती उभी राहू शकत नाहीत. त्यांचे धैर्य उसने आहे. लोक आपल्याला जितके घट्ट धरतात तितके पोहणे शिकायचे विसरतात, ही त्याची व्यथा आहे. नेत्याच्या शब्दावर उठणारा व बसणारा समूह आणि कळ दाबल्यावर चालणारे यंत्र यांत अंतर किती, हा प्रश्न असहकाराच्या ऐन भरात रवींद्रनाथांनी विचारला. त्या काळी तो अनेकांना रुचला नसेल. आज, समूहांच्या निष्ठा एका इशाऱ्यावर वळताना पाहिलेल्या आपल्या पिढीला, तो टाळता येणार नाही.

मराठी वाचकाला येथे मुळशीची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1921 च्या एप्रिलमध्ये मावळातील शेतकऱ्यांनी टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती आणि सेनापती बापट त्यांचे नेते झाले. नाटक आणि सत्याग्रह यांत प्रत्यक्ष संबंध होता, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु एकाच काळात एक धरण रंगभूमीसाठी कल्पिले गेले आणि एक सह्याद्रीत बांधले जात होते, हे साम्य विचार करायला लावणारे आहे. मुळशीच्या लढ्यातही समूह एकसंध नव्हता. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे जमिनीचे मालक असलेले सावकार आणि जमीन कसणारी कुळे यांचे हित एक नव्हते. मोबदल्याचा आकडा वाढला की पहिल्यांचा नकार मवाळ होणार, हे उघड होते. दुसऱ्यांना आकड्याशी कर्तव्यच नव्हते. साधनांविषयीही मतभेद होते. 1924 च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामगारांची गाडी अडवून हल्ला केला आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण उभे राहिले. त्या पराभवाचा दोष केवळ फुटीवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण समोरची सत्ता प्रचंड होती. पण ‘आम्ही’ या शब्दात कोण कोण येतो, हा प्रश्न तेथेही यंत्राच्या आधी उभा राहिला होता.

‘मुक्तधारा’त या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस दोन्ही गटांच्या मधला आहे. युवराज अभिजित हा राजा रणजितचा औरस पुत्र नाही; तो मुक्तधारेच्या काठी सापडलेला आहे. शिवतराईच्या लोकांना बाहेर व्यापार करता यावा म्हणून त्याने नंदिसंकटाची बंद वाट मोकळी केली, आणि त्यासाठी उत्तरकूटचे लोक त्याच्यावर उलटले. बांधातील एक दुबळी जागा त्याला ठाऊक आहे. तो एकटाच जातो. बरोबर येऊ पाहणाऱ्या संजयलाही तो परत पाठवतो. तो तेथे घाव घालतो, यंत्र त्याच्यावर उलटते आणि मोकळा झालेला प्रवाह त्याचा देह घेऊन जातो. त्या रात्री दोन्हीकडचे लोक अभिजितला शोधत असतात, एक शिक्षा करायला, दुसरे आपला म्हणून न्यायला; आणि तो कोणालाच सापडत नाही. अभिजितचा नकार हा प्रिमुसच्या जातीचा आहे. तो परक्या मानल्या गेलेल्या लोकांसाठी दिलेला आहे.

तथापि या नाटकाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. बांध फुटतो तो एका राजपुत्राच्या बलिदानाने. शिवतराईच्या माणसांना काय घडते आहे याचा पत्ताही नसतो. त्यांचे संवाद पुष्कळदा भाबड्या विनोदासाठी वापरले गेले आहेत. धनंजयने ज्या परावलंबनाबद्दल खंत केली तेच नाटकाच्या रचनेत कायम राहिले : नेत्याने नाही, तर युवराजाने त्यांना पाणी दिले. ज्यांची तहान आहे त्यांचा हात बांधाला लागत नाही. केवळ आध्यात्मिक प्रतीक म्हणून या नाटकाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने या त्रुटीकडे काणाडोळा केला आहे.

रवींद्रनाथांना स्वतःला ही त्रुटी जाणवली असावी, असे ‘रक्तकरबी’ वाचताना वाटते. हे नाटक 1924 मध्ये ‘प्रवासी’ मासिकात व 1926 मध्ये ग्रंथरूपाने आले. करबी म्हणजे आपली कण्हेर; नंदिनी ही नायिका लाल कण्हेरीची फुले माळते. यक्षपुरीत सोने खणणाऱ्या मजुरांना नावे उरलेली नाहीत, आकडे आहेत. फागुलाल हा 47-फ आहे, बिशू हा 69-ङ. राजा जाळीआड आहे, व्यवस्था सरदार चालवतात आणि मजुरांना शांतीचा उपदेश करण्यासाठी गोसाई ठेवलेला आहे. येथील यंत्र लोखंडाचे नाही. माणसांचेच बनवलेले आहे. म्हणून त्याच्याविरुद्धची फूटही घराघरांत शिरलेली आहे. फागुलालची बायको चंद्रा हिला नंदिनीचा संशय येतो, मत्सर वाटतो. ही मुलगी आपल्या माणसांना संकटात लोटणार, असे तिला वाटते. चंद्राला खलनायिका ठरवणे सोपे आहे. पण जिचा संसार दुसऱ्याच्या हुकमावर चालतो, तिला पहिली भीती वाटावी ती शेजारच्या स्वतंत्र स्त्रीची, हे रवींद्रनाथांनी फार बारकाईने टिपले आहे.

या नाटकात नकार एका माणसापाशी थांबत नाही. नंदिनीच्या प्रियकराला, रंजनला, राजाने तो कोण हे न जाणता मारले आहे. आपल्याच यंत्रणेने आपल्याला फसवले, हे कळताच राजा स्वतःचा ध्वजदंड मोडतो आणि स्वतःच्याच सत्तेविरुद्ध लढायला निघतो. त्याच वेळी मजुरांनी बंदिशाळा फोडलेली असते. बिशू बाहेर येतो. फागुलाल आकड्यातून नावात येतो. शेवट विजयाचा नाही; नंदिनी पुढे गेली आहे, लढाई व्हायची आहे. पण बांधाला ज्यांचा हात लागायला हवा होता, त्यांचा तो येथे लागला आहे. 1954 मध्ये शंभू मित्र यांनी बहुरूपी नाट्यसंस्थेतर्फे हे नाटक रंगभूमीवर आणले. पुस्तकी रूपक म्हणून बाजूला ठेवल्या गेलेल्या या संहितेत जिवंत माणसे आहेत, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

तिन्ही नाटके एकत्र पाहिली असता जे हाती लागते, ते असे मांडता येईल. यंत्राशी झुंजणाऱ्या समूहाची फूट दोन प्रकारची असते. एक फूट स्वार्थाची. तिच्यात प्रत्येकाचा नकार स्वतःच्या किमतीपुरता असतो, आणि किंमत मिळताच तो होकार होतो. बुसमन तिचा प्रतिनिधी. दुसरी फूट विवेकाची. तिच्यात कोणीतरी आपल्याच गटाला विचारतो की, आपण ज्यांना परके म्हटले त्यांचे काय? अभिजित, प्रिमुस आणि अखेरच्या प्रवेशातील राजा या बाजूला आहेत. पहिली फूट समूहाला दुबळे करते यात शंका नाही. परंतु दुसरी फूट नको म्हणून जो समूह एकमताची सक्ती करतो, तो शत्रूला जिंकण्यापूर्वीच शत्रूसारखा होतो.

‘आर. यू. आर.’च्या पहिल्या प्रयोगाला 2021 मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत चापेक यांचा शब्द सर्वत्र ऐकू येतो आणि यंत्र माणसावर मात करील काय, हा प्रश्न पुन्हा विचारला जातो. या तीन नाटकांचे वाचन करणाऱ्याला त्या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावासा वाटेल : यंत्र दाराशी येईल तेव्हा घरात कोण कोण असेल, आणि ज्यांना आपण आधीच बाहेर काढले आहे त्यांच्यासाठी आपल्यातला कोणी दार उघडायला उठेल काय? उत्तरकूटच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या अंबेच्या हाकेला नाटक संपेपर्यंत उत्तर मिळत नाही. बांध फुटतो, पाणी वाहू लागते. तिचा सुमन मात्र परत येत नाही. विजयाच्या क्षणीही ती हाक ऐकू येत राहावी, अशी योजना करणारा नाटककार आपल्याला कोणतेही सोपे सांत्वन देत नाही, आणि त्याचे मोठेपण तेथेच आहे.